आधी पांडवलेणी, मग त्र्यंबक

नाशिक

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. काकूंना घेऊन येतोयस, फार बरं वाटलं. पण रामकुंड, काळाराम, त्र्यंबक आणि वेळ उरला तर पांडवलेणी, हे सगळं एका दिवसात, हा बेत मोड. लेणी शेवटी ठेवली की दुपार होते, पायऱ्या तापतात आणि माणसं खालूनच परत फिरतात. तू पहिली सकाळ लेण्यांनाच दे. नाशिकचं सगळ्यात जुनं लिखित त्या डोंगरावर आहे, आणि ते पाहिल्यावर बाकीचं नाशिक वेगळंच दिसतं.

लेण्यांचा त्रिरश्मी डोंगर शहरापासून सुमारे ८ किलोमीटर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून. पायऱ्या साधारण २००. चढ एकदाच आहे, काकूंना टप्प्याटप्प्याने बसवत ने. पाणी खालूनच घे. पावसाळ्यात येणार असशील तर तळव्याला पकड असलेले बूट हवेत, शेवाळावर चप्पल सरकते. लेणी २४ आहेत, ती सगळी पाहण्याच्या नादी लागू नकोस. १९, १८, १० आणि ३, ही चार नीट पाहा, आणि याच क्रमाने. नावात पांडव असले तरी हे बौद्ध भिक्षूंचे विहार आहेत.

१९ नंबरचं लेणं छोटं आहे, पण त्यातल्या लेखात सातवाहन कुळातला कण्ह राजा आणि नाशिकचा महामात्र, म्हणजे मोठा अधिकारी, यांचा उल्लेख आहे. म्हणजे आपल्या गावाचं नाव दोन हजार वर्षांपूर्वी तिथे कोरलं गेलंय. शेजारचं १८ हे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह. त्याच्या दर्शनी भागाकडे मान वर करून बघ, आणि मग आतला स्तूप.

खरा वेळ १० आणि ३ ला दे. १० नंबर क्षहरात वंशातल्या राजा नहपानाच्या जावयाचं, उषवदाताचं. त्याच्या लेखातला हिशेब मला फार आवडतो. त्याने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायम ठेव म्हणून दिले: २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. पावसाळ्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. २,००० वर वर्षाचं व्याज २४० होतं, आणि २० गुणिले १२ म्हणजेही २४०. मुद्दल हलवायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, हा व्यवहार भिंतीवर सगळ्यांना दिसेल असा कोरून ठेवलाय.

आता ३ नंबर. नहपानाला हरवलं सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने. त्याच्या १८व्या राज्यवर्षातला हुकूम इथे ओवरीत आहे: आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना द्यावं. सत्ता बदलली, शेताचा मालक बदलला, पण दान त्याच डोंगरावरच्या भिक्षूंना मिळत राहिलं. पुढे त्याचा मुलगा पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षी गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, हे लेणं दान दिलं. तिच्या लेखात मुलाने क्षहरात वंश निखालस संपवल्याचं लिहिलंय. दोन्ही लेण्यांचे खांब ताडून पाहा. १० मधली घंटेच्या आकाराची खांबशीर्षं जास्त डौलदार, ३ मधली आखूड आणि जड. ३ चं कोरीव दार आणि बाहेर लेणं खांद्यावर पेलणारे सहा यक्ष मात्र चुकवू नकोस. आत मागच्या भिंतीवरही फरक आहे: ३ मधला कोरीव स्तूप शाबूत आहे, १० मधल्या स्तूपाचा नंतर भैरव केला गेला.

लेखांसाठी बॅटरी आण. उजेड समोरून टाकलास की अक्षरांच्या खाचा भरून निघतात आणि भिंत सपाट दिसते. फोटोला फ्लॅश मारला तरी तेच. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने तिरपी धर, खाचेत सावली पडते आणि ब्राह्मी लिपीतलं अक्षर उठून येतं. अक्षर दिसावं म्हणून कुणी पाणी किंवा खडू लावताना दिसला तर स्पष्ट अडव.

नहपान आणि गौतमीपुत्राच्या लढाईचा दुसरा पुरावा नाण्यांत आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली, सगळी नहपानाची, आणि त्यातल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपले ठसे पुन्हा मारलेले. जुनं नाणं वितळवलं नाही, त्याच्यावरच नवा ठसा. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणे संग्रहालय आहे, ते उघडं आहे का हे निघायच्या आधी फोन करून विचार.

दुसरी सकाळ सिन्नरला, गोंदेश्वर. अंतर सुमारे ३० किलोमीटर. यादवकालीन शैव पंचायतन आहे: मधे महादेव, चार कोपऱ्यांत चार छोटी देवळं. मंदिर पूर्वाभिमुख, म्हणून सकाळीच जा. प्रदक्षिणा घालताना शिखरावर एकावर एक रचलेल्या छोट्या शिखरांच्या उभ्या रांगा बघ. ही भूमिज शैली. काकूंसाठी हे सगळ्यात सोपं ठिकाण, चढ नाही.

पंचवटी संध्याकाळी पायी. काळारामाला गेलास की २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह याच देवळाच्या दारात झाला, हे काकूंना जरूर सांग. नदीकाठी नारोशंकराच्या देवळावरची घंटा वसईच्या पोर्तुगीजांकडची आहे.

त्र्यंबक शेवटी ठेव, सोमवार आणि श्रावण टाळून, नाहीतर अख्खा दिवस रांगेतच जाईल. गाभाऱ्यात नेहमीसारखी उंच पिंडी नसते, खोलगट जागेत अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत. बाहेरून थेट दिसत नाहीत, त्यासाठी वर आरसा लावलाय. पुढे सरकायची घाई असते, तेव्हा काकूंना आधीच सांगून ठेव, नजर आरशात ठेवायची.

तारखा ठरल्या की कळव.

तुझा,
अनिरुद्ध