वर्गातली कादंबरी: ‘स्वच्छ’ पुस्तकाचा हट्ट नको

माननीय संपादक,

ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत नववीच्या अवांतर वाचनासाठी कादंबरी ठरवताना बहुधा दोनच गोष्टी पाहिल्या जातात. दारू, शिवीगाळ, लफडी नाहीत ना, आणि शेवट ‘चांगला’ आहे ना. ही चाळणी पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, लावली तर त्यातल्या ‘2 शमुवेल’ या पुस्तकाचा अकरावा अध्यायच गळून पडेल. दावीद राजा, दुसऱ्याची बायको बथशेबा, तिचा नवरा उरीया याचा घात, सगळे तिथे आहे. मात्र पुढच्याच अध्यायात नाथान संदेष्टा गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगून राजाला त्याचे पाप दाखवतो. कादंबरीतही हेच पाहावे: लेखक वाईटाला वाईट म्हणतो का, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो वाचकाला माणूस म्हणून दिसतो का.

बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ (1857) अशा शाळांना आपसूक जवळचे वाटते. विषयही मोलाचा, विधवांचे हाल. तरी ते पूर्ण लावू नये. भाषा आजच्या मुलांना जड जाते, धर्मचर्चा बरीच आहे, आणि नायिका ख्रिस्ती होते हेच शाळेला हवे असलेले उत्तर, असा वर्गातल्या इतर धर्मांच्या मुलांचा समज होतो. त्यातला दहाएक पानांचा उतारा घ्यावा आणि शेजारी हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’मधला केशवपनाचा भाग ठेवावा. दोन्हीकडे नायिका यमुनाच! पदमनजी उपाय सांगतात, आपटे जखम उघडी ठेवतात. मुले आपट्यांवर जास्त बोलतील, बोलू द्यावे.

अख्खी वाचायला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) उत्तम. आकाराने लहान आहे. आठवड्याला पंचवीस पाने घरी आणि एक तास चर्चा, एवढ्यात दीड-दोन महिन्यांत संपते. दुष्काळात वाडी उठते आणि लेखक खोटा दिलासा देत नाही. बायबलच्या तासाला तिच्यासोबत हबक्कूक 3:17 वाचता येते, मेंढवाड्यात मेंढरे उरली नाहीत ते वचन. मराठीच्या तासाला नको. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीवाचून मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, हे संविधानाच्या कलम 28(3) मध्ये आहे. आणखी एक सावधगिरी: ‘बनगरवाडी’त रामोशी चोर म्हणून येतो. चोरी एका माणसाची, जातीची नव्हे, हे पहिल्याच चर्चेत बोलून घ्यावे. शिव्या खोडणाऱ्या शाळांच्या नजरेतून नेमकी जातीची तुच्छता सुटते, हे फार खटकते.

निवडीसाठी दोन शिक्षकांनी पुस्तक शेवटपर्यंत, वेगवेगळे वाचावे. मलपृष्ठ आणि गाइड वाचून झालेली निवड मध्येच अडकते. खटकणाऱ्या प्रसंगांचे पान क्रमांक टिपून तो प्रसंग कथेत कशासाठी आहे, हे एका वाक्यात लिहावे. दोघांपैकी एकालाही ते लिहिता आले नाही, तर पुस्तक बाजूला ठेवावे. पाने चिकटवून पुस्तक देऊ नये. मुले आधी तीच उघडतात. परीक्षेत ‘यावरून काय बोध होतो?’ हा प्रश्न टाळावा, कारण त्याची उत्तरे पुस्तक न वाचताही लिहिता येतात. ‘या पात्राने हे का केले, पुराव्यासह लिहा’ असे विचारावे.

यादी पालकांना सुरुवातीलाच द्यावी. कोणी हरकत घेतली तर कोणत्या पानावर, ते विचारावे. पान सांगितले तर चर्चा करावी आणि तरीही नको असेल तर त्या मुलाला तेवढ्याच लांबीचे दुसरे पुस्तक द्यावे. एका घरच्या हरकतीसाठी सगळ्या वर्गाचे पुस्तक बदलू नये.

– मराठीच्या एक शिक्षिका, अहिल्यानगर