'ते जाऊ दे' एवढंच नीट ऐकू आलं

मिरज
१४ जुलै

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावाने सलाम.

हे पत्र तुला एकट्याला आहे. सूनबाईला तुझ्या आईनं वेगळं लिहिलंय. त्यात काय आहे ते मला ठाऊक नाही. पाकीट चिकटवायच्या वेळी मला दूध आणायला पिटाळलं होतं.

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉईस मेसेज आला. आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात बसून ऐकला, आणि मी नंतर गच्चीवर जाऊन पुन्हा ऐकला. सांगलीच्या बसनं ठरलेल्या चौकात न थांबता तुम्हाला पुढच्या पुलापर्यंत सामान घेऊन पळवलं, पुण्यात उतरताना गिटार डिकीतच राहिली, मालेगावच्या अलीकडे टायर बसला, शहाद्याला पोचलात तर धडगावची शेवटची एसटी गेलेली. मग स्टँडवर रात्र, सकाळी काळी-पिवळीत चौदा माणसं आणि दोन कोंबड्या, घाटात दरड, आणि पावसात गाद्या डोक्यावर घेऊन चालणं. तू छान सांगतोस. कोंबडीनं तुझ्या नव्या बायबलच्या पिशवीवर काय केलं तिथं तर तुझ्या आईला ठसका लागला.

पण आठव्या मिनिटाला, दरडीच्या जरा आधी, मागून सूनबाईचा आवाज येतो: "आणि ते सांग ना." तू म्हणतोस, "ते जाऊ दे गं." आणि पुढे दरड सुरू होते.

'ते' म्हणजे काय, मला विचारायचं नाही. तुमच्या दोघांतलं आहे. पण त्या 'जाऊ दे'पाशी मी तीनदा थांबलो, कारण तो आवाज तुझा नव्हता, माझा होता.

आमची जत रोडची गोष्ट तुला पाठ आहे. तू पाळण्यात असल्यापासून ऐकतोयस. संडेस्कूलच्या वार्षिकाला, लग्नाच्या पन्नाशीला, नव्या सुवार्तिकांच्या शिबिरात, जिथं म्हणून मला कुणी "पाळकसाहेब, साक्ष द्या", म्हणजे प्रभूनं कसं सांभाळलं ते सभेत सांगा, म्हणालं तिथं मी ती दिलीय. जून १९८५, लग्नाला पुरता महिना नाही, मिरजेहून छोट्या गाडीनं आम्ही जतकडच्या वसतिगृहावर निघालेलो. कवठेमहांकाळला मी एका तहानलेल्या जिवाशी बोलत प्लॅटफॉर्मवर उभा, गाडी सुटली, नवी नवरी गाडीत, तिकिटं माझ्या खिशात. प्रभूनं ट्रक पाठवला. रात्री पोचलो तर ती बायबलातल्या दाखल्यातल्या, दिव्यात तेल राखून वाट बघणाऱ्या शहाण्या कुमारीसारखी कंदील लावून बसलेली. आणि शेवटी ते वाक्य, ज्याला मंडळी हमखास हसते: "आमची वळकटी मात्र उतरलीच नाही. आषाढी तोंडावर होती, ती एकटीच पंढरपूरला गेली!"

आता जे झालं ते लिहितो.

तहानलेला जीव मीच होतो, आणि तहान चहाची होती. अरुंद रुळांची ती गाडी इतकी सावकाश चालायची की मिरज सुटल्यापासून मी तुझ्या आईला हसून सांगत होतो, खाली उतरून शेंगा उपटून परत चढता येतं म्हणून. ती म्हणाली होती, "मग चढून दाखवायला उतरू नका." कवठेमहांकाळला मी उतरलो. चहावाल्यापाशी एक कापडदुकानदार भेटला आणि विषय निघाला रवी शास्त्रीच्या ऑडीचा. त्याच मार्चमध्ये मेलबर्नला आपण पाकिस्तानला हरवून कप आणलेला, शास्त्रीला गाडी मिळालेली, सगळी टीम त्या गाडीवर चढून बसलेली. तो दुकानदार म्हणत होता, जकात भरून ती गाडी इकडे आणणं शास्त्रीला परवडणार नाही. मी म्हणत होतो परवडेल. या महत्त्वाच्या विषयावर दुसरा कप मागवला आणि गाडी हलली. बशी हातात घेऊन मी पळालो. शेंगा उपटण्याच्या वेगानं चाललेली ती गाडी मला धरता आली नाही. चपलेचा अंगठा तुटला हे खरं आहे, पण ते नंतर.

तिकडे गाडीत तुझी आई. वय एकवीस. साताऱ्यात शाळेतली नोकरी सोडून आलेली, मिरजेच्या पुढचा मुलूख कधी पाहिलेला नाही. पैसे, तिकिटं, वसतिगृहाच्या माणसाचं पत्र, सगळं माझ्या सदऱ्याच्या खिशात. तिच्याजवळ रुमालाच्या गाठीत दोन रुपये. उतरायचं कुठं, तर 'जत रोड' एवढं तिला माहीत, आणि हे माहीत नाही की रेल्वेत गावाच्या नावापुढं 'रोड' असलं की गाव तिथं नसतं. टोपल्या घेऊन बसलेल्या दोन बायकांना तिनं विचारलं. गाडी थांबल्यावर त्या दोघींनी आणि तिनं मिळून ट्रंक ओढली, पेटी काढली, स्टोव्ह आणि कंदील काढला. वळकटी वरच्या फळीवर होती. तिथपर्यंत हात पुरेना, तेवढ्यात शिट्टी झाली.

ट्रक मला मिळाला तो संध्याकाळी. मधल्या वेळात मी काय केलं असं कधी कुणी विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही: त्या दुकानदाराच्या गादीवर बसून मी जेवलो. त्यानं आग्रहच केला. रात्री जत रोडला उतरलो तेव्हा ती ट्रंकेवर बसून होती. समोर कंदील. शहाण्या कुमारीबद्दल तिचं म्हणणं एवढंच आहे की रॉकेल माझ्या माहेरचं होतं आणि काडी पोर्टरची. पोर्टरच्या बायकोनं भाकरी आणि खर्डा आणून दिला होता, तो तिनं अर्धा झाकून ठेवलेला. माझ्यासाठी. मी जेवून आलोय हे त्या रात्री मी बोललो नाही, आणि ती अर्धी भाकरीसुद्धा खाल्ली.

मग ती म्हणाली, "वळकटी गेली. तिच्यात..." आणि मी म्हणालो, "ते जाऊ दे. सामानाचं काय एवढं. आपण सेवेला निघालोय."

सकाळी बैलगाडी आली. त्यापुढची अकरा वर्षं तुला माहीत आहेत, निम्मी तू पाहिलीस. मुलं घरी कानडी बोलायची, पाणी दोन मैलांवरून, छपराचा पत्रा दर वळवाला उडायचा. तिकडे तुमच्या वसतिगृहातल्या मुलांची घरची बोली पावरी आहे म्हणालास. सूनबाई ती तुझ्याआधी शिकेल. तुझी आई सहा महिन्यांत कानडीत रागवायला लागली होती. मला अजून फक्त 'नीर' आणि 'ऊट', म्हणजे पाणी आणि जेवण, एवढंच येतं.

वळकटीचं पुढं असं झालं. आपण मिरजेत परत आल्यावर, तू कॉलेजात होतास तेव्हा, एका रविवारी मी इथल्या मोठ्या सभेत ती साक्ष दिली. पंढरपूरच्या वाक्याला नेहमीसारखा हशा. घरी आलो. तुझी आई तांदूळ निवडत होती, सूप तसंच हलवत म्हणाली, "त्या वळकटीत आईची वाकळ होती." तिची आई आमच्या लग्नाच्या आधीच्या हिवाळ्यात गेली, हे तुला ठाऊक आहे. शेवटच्या आजारपणात तिनं पलंगावर बसून ती वाकळ शिवली होती, स्वतःच्या जुन्या लुगड्यांची, पोरीच्या लग्नासाठी. मी म्हणालो, "मग सांगितलं का नाहीस कधी?" ती म्हणाली, "त्याच रात्री सांगत होते."

वीस वर्षं, बाळा. किती मंडळ्यांना मी त्या वाकळीवर हसवलं असेल ते मोजायला बसलो होतो, मोजणं सोडून दिलं. आणि ती प्रत्येक वेळी पहिल्या किंवा दुसऱ्या बाकावर बसलेली होती.

सगळ्यात लागणारी गोष्ट याहून साधी आहे. जत रोडहून पंढरपूर त्याच गाडीनं चार-सहा स्टेशनं पुढं. दुसऱ्या दिवशी जाऊन चौकशी करता आली असती. मी एक पोस्टकार्ड टाकलं, उत्तर आलं नाही, विषय संपला. सामानच ते.

आपल्या लोकांत प्रवासाच्या हालांची साक्ष द्यायची रीतच आहे, आणि ती बायबलातल्या प्रेषित पौलापासून आलीय. करिंथकरांना लिहिताना त्यानं यादीच दिलीय: तीन वेळा तारू फुटलं, एक रात्र आणि एक दिवस समुद्रात, नद्यांची संकटं, लुटारूंची, भुकेची, थंडीची. मी कितीदा त्यावर उपदेश केलाय. पण पौलाबरोबर बायको नव्हती, त्यामुळे "तीन नाही, दोनदाच फुटलं, आणि दुसऱ्यांदा तुम्हीच कप्तानाशी वाद घालत बसला होता" असं म्हणायला मागे कुणी नव्हतं. पेत्र बायकोला घेऊन फिरायचा, हे पौलच लिहितो. ती काय म्हणायची ते मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

लिहून ठेवणारी आपल्याकडे एक झाली. तुझ्या आईला साताऱ्याचा अभिमान, म्हणून ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं नाव निघालं की त्यांनी १९१७ला काढलेला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ आमच्या साताऱ्यात, हे आधी सांगते. रेव्हरंड टिळकांची प्रवासाची साक्ष तर आपल्या पोराटोरांना पाठ: १८९३ साल, नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी, डब्यात एक गोरा माणूस, त्यानं हातात नवा करार दिला आणि म्हणाला दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ला बाप्तिस्मा झाला. साक्ष म्हणून हे किती गोळीबंद! पण त्या दिवसापासून पुढची काही वर्षं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नवऱ्यापासून तुटून कशा राहिल्या, आणि हा माणूस घरात न सांगता कसा उठून चालू लागायचा, हे लक्ष्मीबाईंनी स्वतः 'स्मृतिचित्रे'त लिहिलं म्हणून आपल्याला कळलं. त्यांनी टिळकांना लहान केलं नाही. उलट मला टिळक आवडायला लागले ते लक्ष्मीबाईंकडून ऐकल्यावर. तोवर ते माझ्यासाठी गायनाच्या पुस्तकातलं नाव होतं.

तर नाताळात तुम्ही याल, आणि मंडळी तुला उभं करणारच. कोंबडीची गोष्ट सांग, लोक पोट धरून हसतील. पण त्याआधी एका संध्याकाळी, मुलं झोपली की, सूनबाईला सगळा प्रवास पहिल्यापासून सांगायला लाव आणि मध्ये बोलू नकोस. तिला शहाद्याच्या स्टँडवरची रात्र कशी गेली? तू बाकावर झोपलास म्हणालास. ती झोपली का? एवढे प्रश्न पुरेत. तिनं 'हे सांगू नका' म्हटलं तर ते सांगायचं नाही, कितीही रंगत असलं तरी. माझ्या उपदेशातून पंढरपूरचं वाक्य गेलं तेव्हापासून ती साक्ष पडते. लोक अजून त्या जागी हसायला तयार होऊन बसतात.

इकडचं: कृष्णा अजून पात्रात आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा देतात, त्याला पुष्कळ अवकाश आहे, पण २०१९चा महापूर पाहिल्यापासून तुझी आई सकाळी पेपरात आधी पाण्याची पातळी बघते, मग बाकीचं. गिटार सापडली. बसच्या पुण्याच्या ऑफिसात तीनदा फोन केला, चौथ्यांदा आईनं केला, तेव्हा सापडली. शुक्रवारी ती आणि एक खोकं एसटीच्या पार्सलनं पाठवतो. खोक्यात भडंग, तासगावचे बेदाणे, हळद आणि गाद्यांवर घालायला जाड प्लास्टिकचा कागद आहे. शहाद्याच्या स्टँडवर दोघं मिळून जा, आणि निघायच्या आधी परतीच्या गाडीची वेळ विचारून घे. चहा नंतर.

तुझा,
बाबा

ता.क. पाकिटात घालण्यापूर्वी आईनं वाचलं. तिच्या दुरुस्त्या: टोपलीवाल्या बायका दोन नव्हत्या, तीन होत्या, आणि तिसरीनंच पेटी उतरवली. दोन रुपये नव्हते, एक रुपया आणि चार आणे. मी दुकानदाराकडे जेवून आलो होतो हे तिला त्याच रात्री कळलं होतं, मिशीला आमटी होती. आणि वाकळीचा वरचा पदर निळ्या इरकलीचा होता, काठ तांबडा, ते लिहा म्हणाली. लिहिलं.