ओढू नका काका, थांबा

ताई,

बायकोच्या स्मृतिभ्रंशाच्या आजारात हिला उठवायला-बसवायला तुम्ही घरी यायचात. ते येणं थांबून चार महिने झाले. शेवटच्या दिवशी मी नुसतं "बरं" म्हणालो आणि दार लावलं. ते मनाला लागून राहिलंय. चारचौघांत लिहितोय, कारण माझ्यासारखे नवरे आणखीही असतील.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी हिच्या काखेत हात घालून हिला खुर्चीतून उपसत होतो. ही ओरडत होती, मीही ओरडत होतो. तुम्ही दारातूनच म्हणालात, "ओढू नका काका, थांबा." खरं सांगतो, राग आला. दोन वर्षं हेच करतोय आणि ही कालची पोर मला शिकवणार!

तुम्ही हिच्यासमोर गुडघ्यांवर बसलात. हिला खुर्चीच्या कडेशी सरकवलंत, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घेतलीत. "काकू, पुढे वाका." बस, एवढंच. दहा-बारा सेकंद काही हललं नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही मला हातानेच गप्प केलंत. आणि ही वाकली. नाक पायाच्या बोटांपुढे गेलं तसं बूड आपसूक सुटलं आणि ही उभी! तुमचा हात पाठीशी होता, पण नुसता टेकलेला.

काखेत धरून ओढलं की खांदा दुखावतो, माणूस घाबरून उलट मागे रेलतो, हे मग कळलं. सांगितलेलं हिच्या डोक्यात उतरायला वेळ लागतो आणि तेवढ्यात दुसरं सांगितलं की पहिलं पुसलं जातं. मी तर एका दमात "ऊठ, हात दे, पाय उचल, चल लवकर" म्हणायचो.

बाथरूमच्या दारातलं ते काळं पायपुसणंही तुम्हीच उचललंत. "त्यांना तिथे खड्डा दिसत असेल." दुसऱ्या दिवशी ही सरळ आत गेली. त्या पायपुसण्यापायी मी तीन महिने हिला हट्टी म्हणत होतो.

एकदा दोन दिवसांत ही एकदम ढासळली, मला ओळखेना. मी समजलो, आजार पुढे सरकला. तुम्ही फोनवर म्हणालात, "इतक्या झटक्यात बिघडलं तर आधी दुसरं कारण शोधा, डॉक्टरांना दाखवून लघवी तपासून घ्या." जंतुसंसर्ग निघाला. औषधाने ही बरीचशी पूर्ववत झाली.

आणि माझी पाठ! "काका, तुम्हीच पडलात तर?" असं म्हणून तुम्ही मलाही व्यायामाला लावलंत. आकडे हिने मोजायचे, ही युक्तीही तुमचीच. कालचं काही आठवत नाही, पण एक ते दहा हिच्या तोंडात बसलेले.

आता ही उभी राहत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. आधी सांगतो, मग थांबतो. कधी कधी हिचा हात आपणहून पलंगाच्या कठड्याकडे जातो. परवा मी व्यायाम करत होतो, तर ही पडल्या पडल्या मोजायला लागली. सात गाळला. मी तो मनात मोजला.

तुमचे,
काका