सेंट्रल इंडिया हॉर्सचा इतिहास पुरता सांगावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सेंट्रल इंडिया हॉर्स या रिसाल्यावरचा लेख वाचला. गुना आणि आगर ही या रिसाल्याची ठाणी. दोन्ही गावे त्या काळी शिंदे सरकारच्या मुलखात होती, तरी ग्वाल्हेरच्या मराठी घरांत या रिसाल्याचे नाव कधी निघत नाही. ते आपण छापलेत याचा मनापासून आनंद झाला. पण लेखात इतिहास दोन ठिकाणी अर्ध्यावर सुटला आहे, एकदा आरंभी आणि एकदा शेवटाकडे. या दोन्ही जागा मला फार महत्त्वाच्या वाटतात, म्हणून हे पत्र.

‘१८५७च्या बंडानंतर राजनिष्ठ स्वारांतून उभा राहिलेला रिसाला’ एवढ्यावर लेखकाने त्याचा जन्म आटोपला आहे. हे स्वार आले कुठून? महाराजपूर आणि पनियार या दोन लढाया २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी ग्वाल्हेरच्या फौजेने हरल्या. पुढच्याच महिन्यात झालेल्या तहाने कंपनीने ग्वाल्हेर कंटिन्जन्ट वाढवली आणि तिचा खर्च शिंद्यांनी तोडून दिलेल्या परगण्यांच्या वसुलावर टाकला. पैसा इथल्या रयतेचा आणि हुकूम गोऱ्या अधिकाऱ्यांचा, अशी ही फौज. १४ जून १८५७ रोजी ती ग्वाल्हेरजवळच्या मुरार छावणीत बंडास उठली. तात्या टोप्यांनी याच शिपायांना हाताशी धरून नोव्हेंबरात कानपुरास जनरल विंडहॅमचा पराभव केला. १८५८च्या जूनमध्ये तात्या, रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरच्या लष्कर शहरात शिरले आणि जयाजीराव शिंद्यांना आग्र्याला जावे लागले, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते.

त्या मोडलेल्या कंटिन्जन्टमधले, तसेच भोपाळ आणि माळवा कंटिन्जन्टमधले जे स्वार इंग्रजांकडे राहिले, त्यांतून कॅप्टन हेन्री मेन याने गुन्याला ‘मेन्स हॉर्स’ उभारला. कॅप्टन रिचर्ड मीड याने आग्र्याला ‘मीड्स हॉर्स’ काढला, आणि कर्नल बीटसनचाही एक रिसाला होता. १८६०च्या सुमारास ही सगळी जुळवाजुळव होऊन सेंट्रल इंडिया हॉर्सच्या दोन रेजिमेंटी झाल्या. म्हणजे हा रिसाला कंटिन्जन्टच्याच पडझडीतून निघाला. एकाच छावणीत एका पंगतीला जेवलेले स्वार वर्षभरात एकमेकांच्या समोर उभे राहिले. लेखातला ‘राजनिष्ठ’ हा एक शब्द एवढा सगळा प्रसंग झाकून टाकतो.

‘याच रिसाल्याने तात्यांना पकडले’ हे विधानही दुरुस्त व्हायला हवे. नरवरचे राजे मानसिंग यांचे शिंदे दरबाराशी जहागिरीवरून बिनसले होते, म्हणून ते बंडात उतरले होते. मीडने त्यांना वश केले आणि त्यांनी तात्यांचा ठावठिकाणा दिला. ७ एप्रिल १८५९च्या रात्री परोनच्या जंगलात झोपलेल्या तात्यांवर झडप घातली ती मुंबई इलाख्याच्या पायदळातल्या शिपायांनी. रिसाल्याचे स्वार तिथे नव्हते. मात्र डाव रचणारा मीड हाच होता आणि त्याच्या नावाचा रिसाला पुढे सेंट्रल इंडिया हॉर्समध्ये मिसळला. १८ एप्रिलला शिवपुरीस तात्यांना फाशी दिली. ज्याचे पाप त्याच्याच पदरी घालावे. रिसाल्यावर नसलेला डाग लावू नये आणि मीडला मोकळेही सोडू नये.

लेखात शिलेदारी पद्धतीला एकच ओळ मिळाली आहे, याचे वाईट वाटले, कारण आपल्या वाचकाला सगळ्यांत ओळखीची वाटेल अशी गोष्ट तीच आहे. स्वाराने स्वतःचा घोडा, खोगीर, कपडे, तंबू आणायचा आणि सरकारने बंदूक व दारूगोळा द्यायचा, ही रीत पेशवाईतल्या शिलेदारांचीच. इंग्रजांनी ती ‘इर्रेग्युलर’ म्हणवणाऱ्या घोडदळासाठी जशीच्या तशी उचलली आणि साठ वर्षे सेंट्रल इंडिया हॉर्समध्ये चालवली. भरतीच्या वेळी घोड्याची रक्कम रिसाल्यात जमा व्हायची आणि नोकरी सोडताना परत मिळायची. घोडा मेला तर स्वारांच्या वर्गणीच्या, म्हणजे चंद्याच्या, फंडातून दुसरा यायचा. दोन स्वारांमध्ये मिळून एक तट्टू आणि एक गवतकाप्या असायचा. घरची थोडी शेती आणि पत असलेला माणूसच अशा रिसाल्यात शिरू शकत होता, त्यामुळे तो रिसालदाराशी मान वर करून बोलायचा. पहिल्या महायुद्धात ही व्यवस्था कोलमडली. फ्रान्सच्या चिखलात रोज घोडे मरत असताना बिचारा स्वार पदरमोड करून नवा घोडा आणणार कुठून? युद्ध संपल्यावर शिलेदारी बंदच झाली.

लढायांबद्दल लेखात पुष्कळ आले आहे, ते मी पुन्हा सांगत नाही. १८८०मध्ये अफगाण युद्धात इंग्रज सेनापती रॉबर्ट्सच्या फौजेबरोबर काबूल ते कंदाहार ही मजल हा रिसाला चालून गेला. १९०३मध्ये दोन रेजिमेंटींना ३८ आणि ३९ हे क्रमांक मिळाले. त्यांपैकी ३८वी महू ब्रिगेडमधून फ्रान्सला आणि १९१८मध्ये पॅलेस्टाईनला गेली. घोडदळाच्या ३९ रेजिमेंटींच्या २१ केल्या तेव्हा या दोघी एक होऊन २१ क्रमांकाची रेजिमेंट झाली. आगरच्या बैजनाथ महादेवाची एक कथाही लोक सांगतात. कर्नल मार्टिन अफगाण युद्धावर असताना त्याच्या बायकोने देवाला नवस केला, तो सुखरूप परतला आणि दोघांनी मंदिराचा जीर्णोद्धार केला. आगरमध्ये रिसाल्याची लोकांच्या तोंडी राहिलेली आठवण एवढीच. कथा गोड आहे, पण तिच्यात साहेब आहे, मडम आहे, आणि त्या मोहिमेवर गेलेल्या देशी स्वारांपैकी कुणीच नाही.

आता शेवटाकडची जागा. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर घोडे जाऊन गाड्या आल्या, असे सांगून लेख एकदम इरिट्रियातल्या केरेनच्या लढाईवर उडी मारतो. मधला जुलै १९४० सुटला. रेजिमेंट इजिप्तला निघण्यासाठी मुंबईत आली होती. तिथे तिच्या शीख स्क्वाड्रनने जहाजावर चढायला नकार दिला. पंजाबातल्या कीर्ती या डाव्या, कामगार-शेतकऱ्यांच्या चळवळीचे विचार या जवानांपर्यंत पोहोचले होते. परक्या राजासाठी परमुलखात मरायला ते तयार नव्हते. कोर्टमार्शल झाले, चौघांना फाशी झाली आणि इतर अनेकांना काळ्या पाण्यावर पाठवले. आपल्या लेखात यावर चकार शब्द नाही. पराक्रमाची पाने चार आणि या चौघांना एक ओळही नाही, हे मला फार लागले.

उरलेली रेजिमेंट पुढे गेली, इरिट्रियात, वाळवंटात आणि इटलीत लढली. २३ जुलै १९४४ रोजी इटलीत सुरुंग पेरलेल्या जमिनीवर स्वार दित्तो राम यांचा एक पाय उडाला. तशा अवस्थेत ते सरपटत जखमी सोबत्यापाशी गेले, त्याच्या मांडीला पट्टी बांधली, आणि मग त्यांनी प्राण सोडला. त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. मुंबईत नकार देणारे आणि इटलीत पट्टी बांधणारे एकाच रेजिमेंटचे, चार वर्षांच्या अंतराने. त्यांच्यात थोर कोण, असा प्रश्न माझ्या मनात येत नाही. दोघांचीही नावे एका पानावर यावीत, एवढेच मला वाटते.

आज ही रेजिमेंट भारतीय सैन्यात रणगाडे चालवते आणि नाव अजून सेंट्रल इंडिया हॉर्स हेच आहे. माझी आपल्याकडे विनंती आहे की लेखाचा दुसरा भाग काढावा आणि त्यात कंटिन्जन्ट, मीडचा डाव, शिलेदारी आणि १९४० या चारही गोष्टी याव्यात. गुना आणि आगर इथल्या जुन्या छावणीच्या जागी माहितीचा फलक लावावा, असा अर्ज मी दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे देणार आहे. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैनच्या ज्या वाचकांना त्यावर सही करायची असेल, त्यांनी आपल्या कार्यालयात नाव कळवावे. तेवढी सोय आपण करून द्याल, अशी आशा आहे.

आपला,
एक नियमित वाचक
लष्कर, ग्वाल्हेर