सॉफ्टवुड म्हणजे कमअस्सल लाकूड नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

हार्डवुड म्हणजे टणक व टिकाऊ आणि सॉफ्टवुड म्हणजे मऊ व दुय्यम, ही समजूत लाकडाविषयीच्या लेखनातून आणि जाहिरातींतून सर्रास पसरत असते. ती चुकीची आहे आणि तिच्यामुळे देवदारासारख्या उत्तम लाकडावर अन्याय होतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ही विभागणी मुळात झाडांच्या वंशाची आहे. साग, शिसव, बाभूळ यांसारख्या फळात बी धरणाऱ्या सपुष्प झाडांचे लाकूड ते हार्डवुड. पाइन, फर, देवदार यांसारख्या शंकूत उघडे बी धरणाऱ्या झाडांचे ते सॉफ्टवुड. त्यामुळेच घनमीटरला सुमारे १६० किलो भरणारे हलके बाल्सा हार्डवुडमध्ये मोडते आणि त्याच्या जवळजवळ चौपट जड असलेले यू या सूचिपर्णी झाडाचे लाकूड सॉफ्टवुडमध्ये. पानांवरूनही फसगत होते. किनाऱ्यावरचा सुरू सूचिपर्णी वाटला, तरी त्याच्या सुया म्हणजे सांधेदार हिरव्या काटक्या असतात, आणि सपुष्प असलेल्या या झाडाचे लाकूड अतिशय कठीण असते.

खरा फरक पाहायचा असेल, तर फळीचे आडवे कापलेले टोक धारदार पात्याने तासून भिंगाखाली धरावे. सागात प्रत्येक वार्षिक वलयाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची ओळ दिसते. ती पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची तोंडे होत. देवदारात अशी छिद्रे नसतात, केवळ फिकट आणि गडद पट्टे दिसतात, कारण तेथे पाणी वाहणे आणि खोडाला आधार देणे ही दोन्ही कामे वाहिनिका नावाच्या लांबट, अरुंद पेशीच करतात. या पेशी सुमारे ३ ते ४ मिलिमीटर लांब असल्याने मजबूत कागदासाठी सॉफ्टवुडचा लगदा पसंत केला जातो.

टिकाऊपणा मात्र गाभ्यात साठलेल्या द्रव्यांवर ठरतो. देवदाराच्या गाभ्यातील सुगंधी तेल कीड आणि बुरशीला रोखते, तर हार्डवुड असूनही सावरीचे लाकूड लवकर कुजते. सालीलगतचे फिकट लाकूड तर सागाचे असले तरी भरवशाचे नसते.

सीडर या नावाचा गोंधळ याहून मोठा आहे. खरे सीडर म्हणजे सीड्रस प्रजातीतील वृक्ष: हिमालयातील देवदार आणि त्याचे लेबनॉन, सायप्रस व ॲटलस पर्वतातील भाऊबंद. वेस्टर्न रेड सीडर हा थुजा या वेगळ्या प्रजातीचा आहे, पेन्सिलींचा सीडर हा जुनिपर या आणखी एका प्रजातीचा आहे, आणि सिगारच्या पेट्यांसाठी वापरला जाणारा स्पॅनिश सीडर तर कडुनिंबाच्या कुळातील, म्हणजे चक्क हार्डवुड आहे.

म्हणून लाकडाविषयी मजकूर छापताना नुसता वर्ग न सांगता झाडाचे शास्त्रीय नाव द्यावे, आणि लाकूड गाभ्याचे आहे की सालीलगतचे, याचाही उल्लेख करावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक वाचक