लंडनच्या भिंतींवर बडोदा

संपादक साहेब, नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, कापायचं तर कापा, पण आईचा भाग ठेवा, ती पेपर आला की आधी पत्रंच वाचते.

या मे महिन्यात आम्ही चौघं लंडनला जाऊन आलो. मी, मिसेस, सातवीतली मुलगी आणि आई, वय ७६. आईला लंडनचं वेड लहानपणापासूनचं, तिचे वडील सयाजीराव महाराजांच्या विलायतवारीच्या गोष्टी अशा सांगायचे की जणू हेच महाराजांची बॅग धरून मागे उभे होते. पासपोर्ट झाला, व्हिसा झाला, थेपले आणि लीलो चेवडो भरला आणि निघालो. विमान, हॉटेल वगैरे सगळ्यांचं सारखंच असतं, ते सोडतो.

पहिले दोन दिवस म्युझियम, कारण तिकीट नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये ममीसमोर ही गर्दी, आईने वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आपल्या कामाटीबागेत पण आहे की ममी." दुसऱ्या दिवशी नॅचरल हिस्ट्रीमध्ये छताला टांगलेला व्हेलचा भलामोठा सांगाडा, लोक माना वर करून फोटो काढतायत, आई म्हणे, "हा पण आपल्याकडे आहे." मुलगी हसून हसून बेजार. पण आई खोटं कुठे बोलत होती, बडोद्याच्या म्युझियममध्ये दोन्ही आहेत, मुलीला मात्र आम्ही ते एकदा शाळेच्या ट्रिपला सोडलं तर कधी दाखवलेलं नाही, हे तिथे उभं राहून लक्षात आलं.

आता मुद्द्याचं. लंडनमध्ये जुन्या घरांच्या भिंतीवर निळ्या गोल पाट्या असतात, कोण माणूस इथे राहायचा, काय करायचा, एवढंच, दोन-चार ओळी. १८६६ ला ही योजना सुरू झाली, पहिली पाटी १८६७ मध्ये कवी बायरनच्या घरावर लागली, आता हजाराच्या वर आहेत. मुलीला त्याचा नाद लागला, बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडायची आणि पाट्या मोजायच्या. युस्टन स्टेशनजवळ टॅव्हिटन स्ट्रीटवर चार नंबरच्या घरासमोर ती एकदम थांबली, "बाबा, खान लिहिलंय." नूर इनायत खान. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांची गुप्तहेर म्हणून १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये वायरलेस चालवायला उतरलेली, पकडली गेली, १९४४ मध्ये डाखाऊच्या छावणीत मारली गेली. २०२० मध्ये ही पाटी लागली, भारतीय वंशाच्या बाईची तिथली पहिली. आणि तिचे वडील सूफी इनायत खान कुठले? आपल्या बडोद्याचे! इथेच १८८२ चा जन्म, आपली गायनशाळा १८८६ मध्ये सुरू करणारे मौलाबक्ष हे त्यांचे आजोबा. मी त्या गायनशाळेजवळच्या सुरसागर तलावावरून रोज स्कूटर काढतो आणि हे मला मोबाईलवर लंडनच्या फुटपाथवर उभं राहून वाचावं लागलं.

मग काय, हट्टच धरला. चॉक फार्मला उतरून चढ चढत किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर, बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे राहिले, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेतलंय, आत जाता येतं. आई जिन्यावर बसली आणि नातीला सांगत होती की याच माणसाला महाराजांनी स्कॉलरशिप देऊन अमेरिकेला शिकायला पाठवलं आणि तोच १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला आला तेव्हा आपल्या गावात त्याला राहायला खोली मिळाली नाही, कामाटीबागेत झाडाखाली बसून त्याने दिवस काढला. मुलगी म्हणाली, "आजी, तेव्हा आपलं घर होतं का?" आई म्हणाली, होतं. पुढे कोणीच काही बोललं नाही. दादाभाई नौरोजींचं पेंजमधलं घर राहून गेलं, लांब पडत होतं, त्यांच्या पाटीला पण २०२२ उजाडलं, आणि ते तर १८७४ मध्ये बडोद्याचे दिवाण!

परत आलो तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वाडा पाडायला घेतलेला. सागवानी नक्षीचे खांब टेम्पोत आडवे घातलेले, एका खांबावर कोरलेल्या पोपटाची चोच तुटलेली, मुलीने विचारलं इथे कोण राहायचं, मजुरांना माहीत नाही, बिल्डरच्या माणसाला माहीत नाही आणि खरं सांगतो, मलाही माहीत नाही. एका कचेरीत जाऊन विचारलं की निदान जे वाडे उभे आहेत त्यांच्यावर साधी संगमरवरी पाटी लावता येईल का, तर म्हणे मालकाची सही आणा, ती आणली तर म्हणे साहेब रजेवर. मोठ्यांचे पुतळे आहेत आपल्याकडे, मला पुतळा नकोय, हात-दीड हात पाटी हवीय, मराठी-गुजराती दोन्हीत. खर्च आम्ही गल्लीवाले वर्गणीने करू. तुमच्या वाचकांपैकी ज्यांना दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांत कोण राहायचं हे ठाऊक असेल, एखादा जुना फोटो असेल, त्यांनी तुमच्याकडे पाठवावा, तुम्ही छापावा, एवढीच विनंती. घाई यासाठी की सांगणारे सगळे आईच्या वयाचे आहेत.

लंडनला नियम आहे, माणूस जाऊन वीस वर्षं झाल्याशिवाय पाटी नाही. हे मुलीने आईला वाचून दाखवलं होतं. तरी परवा तिने पुठ्ठ्याचा निळा गोल कापून आमच्या फाटकावर चिकटवला, "इथे आजी राहते, १९७२ पासून." आईने चष्मा लावून वाचलं, खालचा कोपरा सुटत होता तो थुंकी लावून दाबला आणि म्हणाली, राहू दे, पावसाला अजून वेळ आहे.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा