‘साधी गाठ’ ऐकून आम्ही पेढे वाटले

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘नाकातून मेंदूची गाठ काढली, रुग्ण ठणठणीत’ अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. २०१७ साली माझा धाकटा भाऊही असाच ठणठणीत होऊन घरी आला होता.

आमचं चप्पल लाईनला पायताणाचं दुकान. गिऱ्हाईकाचा पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, ही वडिलांपासूनची पद्धत. भावाचा २०१२ चा कागद आठ नंबरचा, २०१६ चा दहाचा. चाळिशीतल्या माणसाचा पाय वाढत नसतो, हे या धंद्यात केस पांढरे झालेल्या मला कळायला नको? मी उलट ‘तालमीत जाऊन पंजा पसरला’ म्हणून चिडवत बसलो. अंगठी सोनाराकडनं कापून घेतली, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. बिनखांबी गणेश मंदिराजवळ बाजूनं आलेली रिक्षा त्याला दिसलीच नाही, तेव्हा डोळे तपासले. समोरचं स्वच्छ, दोन्ही कडा अंधाऱ्या. एमआरआयमध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवर गाठ निघाली. ती वाढीचं संप्रेरक सोडत होती आणि वर डोळ्यांच्या नसांना दाबत होती.

ऑपरेशन झालं, बायोप्सीत ‘बिनाईन’ आलं. ‘साधी गाठ आहे, कॅन्सर नाही’ एवढंच आमच्या कानात राहिलं. पुढच्या एमआरआयचं कुणी सांगितलं होतं की नाही, यावर घरात अजून वाद होतो. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत होतं. आम्हीही ते कुणाकडून वाचून घेतलं नाही. रिपोर्टात खाली ‘केआय-६७ : ८ टक्के’ अशी ओळ होती. पेशी किती झपाट्यानं वाढताहेत त्याचं ते माप, आणि तीन टक्क्यांपासूनच डॉक्टर सावध होतात, हे आम्हाला कळलं २०२० मध्ये, मुंबईत, गाठ मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला वेढून परत आल्यावर. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर साधी दिसणारी गाठ पुढे कशी वागेल, हे लागोपाठचे एमआरआय शेजारी ठेवल्यावरच कळतं, असं तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. पिट्युटरीची गाठ शरीरात दुसरीकडे पसरणं फार विरळा, हजारात एखाद-दुसरी. पण जागच्या जागी राहून कशालाच न जुमानणाऱ्याही असतात. आमची त्यातली.

दुसरं ऑपरेशन, सहा आठवडे शेक म्हणजे रेडिएशन, दर अठ्ठावीस दिवसांनी इंजेक्शन. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईच्या किती फेऱ्या झाल्या, मोजल्या नाहीत. तरी गाठ वाढली. मग टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल सुरू केल्या. औषध मूळचं मेंदूच्या कॅन्सरचं. अठ्ठावीस दिवसांतल्या पाच रात्री, रिकाम्या पोटी, आधी उलटीची गोळी. त्या पाच दिवसांत घरात तांबड्या रश्श्याची फोडणी बंद, वासानंच त्याला मळमळायचं. तीन महिन्यांनी एमआरआय करून पुढचं ठरवायचं होतं. निम्म्याहून कमी रुग्णांचीच गाठ आकसते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. भावाची थोडी आकसली आणि थांबली. वाढलेलं हाड मात्र वाढलं ते वाढलंच. नंबर दहाच आहे.

पिट्युटरी ग्रंथी निकामी झाल्यानं हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडची गोळी जन्मभराची. गेल्या पावसाळ्यात उलट्यांनी गोळी पोटात टिकेना, काही तासांत माणूस थंडगार पडला. ‘स्टेरॉइडचं इंजेक्शन आधी द्या’ हे रात्रपाळीच्या डॉक्टरांना भावजयीनं सांगितलं. सातवी शिकलेली बाई आहे ती.

म्हणून विनंती. अशी बातमी छापताना त्या रुग्णाचा पुढचा एमआरआय कधी आहे, हेही डॉक्टरांना विचारून छापा. आणि कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी डिस्चार्ज कार्डावर तपासणीची तारीख आणि स्टेरॉइडची सूचना मराठीत, ठळक अक्षरांत लिहावी. एक कागद जास्त लागेल. छपाईचा खर्च परवडत नसेल तर पहिल्या हजार कागदांचे पैसे मी देतो.

आपला,
एक चप्पल व्यावसायिक, कोल्हापूर